टक्केवारीतून गळलेली मुलं

अमेरिकेत बारावीतल्या मुलांना घेऊन कॉलेजं बघत हिंडणाऱ्या आईवडिलांच्या कानावर एक आकडा हमखास पडतो. माहितीसत्र संपत आलेलं असतं, मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर करून विचारतं, "तुमच्याकडची किती मुलं मेडिकलला जातात?" आणि पुढून उत्तर येतं, "अर्ज करणाऱ्यांपैकी ८५ टक्के." कुठे ८०, कुठे ९०. सगळेजण भराभर टिपून घेतात. त्यांत आपली मराठी माणसं बरीच असतात. या विषयावर मी ज्या ज्या मराठी घरांत बोलले आहे, तिथे लॅपटॉपवर एक तक्ता तयार असतो: कॉलेजचं नाव, फी, घरापासूनचं अंतर आणि शेवटच्या रकान्यात मेडिकलची टक्केवारी. निवड बहुधा त्या शेवटच्या रकान्यावर होते.

हा आकडा भुरळ घालतो, कारण देशाचा आकडा त्याच्या निम्मा आहे. एम.डी. पदवी देणाऱ्या अमेरिकन मेडिकल स्कूल्सकडे अलीकडे दरवर्षी साधारण ५२ हजार जण अर्ज करतात आणि सुमारे २३ हजार जण दाखल होतात. शंभरातले ४४. मग जिथे शंभरातले ८५ लागतात तिथे मुलाला घातलं की त्याची संधी दुप्पट झाली, असं कुठल्याही आईबापाला वाटणारच. मी एका सरकारी विद्यापीठात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. डॉक्टर व्हायची स्वप्नं ज्या वर्गांत टिकतात किंवा मोडतात, ते हे वर्ग. इथे इतकी वर्षं उभं राहिल्यावर माझं ठाम मत झालं आहे की या आकड्यावरून कॉलेज निवडणं ही मोठी चूक आहे, आणि तिची किंमत मुलांना मोजावी लागते.

ज्यांना इकडची पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात बारावी झाली, नीट दिली, मार्क पुरले की मूल थेट एमबीबीएसला जातं. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी. जॉन्स हॉपकिन्सने १८९३ मध्ये मेडिकल स्कूल उघडताना पदवीची अट घातली. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनरने देशभरच्या मेडिकल स्कूल्सवर अहवाल लिहिला, त्यात हॉपकिन्सला आदर्श मानलं आणि पुढे हळूहळू तीच रीत पडली. 'प्री-मेड' नावाची पदवी मात्र बहुतेक ठिकाणी नसते. मूल इतिहास घेवो की गणित, त्याने जीवशास्त्र, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, बायोकेमिस्ट्री, फिजिक्स असे ठरावीक विषय करायचे, एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्यायची, दवाखान्यात आणि प्रयोगशाळेत काम करायचं आणि मग अर्ज भरायचा. त्यामुळे कॉलेजात पाऊल ठेवणारं अठरा वर्षांचं मूल प्री-मेड असतं ते मनातल्या मनात. सरकारदरबारी तशी नोंद कुठेच होत नाही. नोंदच नसल्यामुळे तो विचार सोडणाऱ्याचीही नोंद होत नाही, आणि त्या टक्केवारीचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

टक्केवारीला अंश लागतो तसा छेद लागतो. अंशात कोण आहे ते कॉलेज कौतुकाने सांगतं. छेदात 'अर्ज करणारे' असतात. पण पहिल्या वर्षी डॉक्टर व्हायला आलेले आणि चौथ्या वर्षी अर्ज करणारे यांच्यामध्ये काय घडतं, ते मी जवळून पाहते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला जनरल केमिस्ट्रीच्या पहिल्या परीक्षेचे मार्क लागतात. त्या दिवशी माझ्या ऑफिसबाहेर रांग असते. हायस्कूलात कायम पहिल्या पाचांत असलेली मुलं हातात ५२ मार्क घेऊन उभी असतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "प्रोफेसर, मी हा विषय सोडून देऊ का?" विषय सोडायची मुदत जवळ आलेली असते. सोडला तर गुणपत्रिकेवर 'डब्ल्यू' येतो, ठेवला आणि 'सी' आला तर जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी श्रेणी, बुडतो. मुलगा बुद्धीने कमी नसतो. त्याच्या शाळेत मोल संकल्पना घाईत उरकलेली असते, किंवा शाळेत धडपड करायची वेळच न आल्यामुळे अभ्यास कसा करायचा हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. अशा मुलाला धरून ठेवायचं की सोडून द्यायचं, हा निर्णय त्या दिवशी होतो. काही कॉलेजांत त्याला शिकवणी मिळते, गटात बसवतात, पुढच्या परीक्षेपर्यंत कुणीतरी त्याच्या मागे लागतं. काही कॉलेजांत मार्क असे बसवलेले असतात की वर्गातल्या ठरावीक मुलांना खालची श्रेणी मिळणारच. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक येते आणि तोच प्रसंग पुन्हा घडतो. जी मुलं बाहेर पडतात ती अर्थशास्त्राला, मानसशास्त्राला, कॉम्प्युटरला जातात. ती अर्ज करत नाहीत, म्हणून छेदात येत नाहीत. कॉलेजची टक्केवारी त्यांच्या जाण्याने वाढते.

तिसऱ्या वर्षी आणखी एक चाळणी असते आणि तिच्याविषयी आईबापांना बहुधा काहीच माहीत नसतं. पुष्कळ कॉलेजांत, विशेषतः लहान खाजगी कॉलेजांत, एक समिती मेडिकलच्या अर्जदारासाठी एकत्रित शिफारसपत्र लिहिते. त्याला कमिटी लेटर म्हणतात. ज्या कॉलेजात ही सोय आहे तिथल्या मुलाने ते पत्र जोडलं नाही, तर 'का नाही?' असं मेडिकल स्कूल विचारू शकतं. काही समित्या सगळ्यांना पत्र देतात. काही समित्या ज्यांची खात्री वाटत नाही त्यांना देत नाहीत, किंवा इतकं कोमट देतात की ते न दिलेलं बरं.

माझ्या ओळखीच्या एका मराठी घरातली मुलगी एका नावाजलेल्या कॉलेजात होती. कुठल्या, ते सांगणार नाही. जीपीए ३.४, एमकॅटची तयारी सुरू, उन्हाळ्यात अर्ज भरायचा होता. समितीपुढची मुलाखत झाल्यावर तिने मला फोन केला. "काकू, त्यांनी नाही म्हटलंच नाही. 'यंदा थांबलीस तर तुझ्याच भल्याचं होईल' म्हणाले. पब्लिक हेल्थचा विचार केलायस का, असं विचारलं." मी म्हटलं, "आणि तरीही तुला यंदाच भरायचा असेल तर?" ती थोडा वेळ गप्प राहिली. "तर पत्रात 'शिफारस' हा शब्द येणार नाही, असं म्हणाले." तिने त्या वर्षी अर्ज केला नाही. त्या वर्षीच्या कॉलेजच्या आकड्यात ती अर्थातच नव्हती.

सल्ला चुकीचा होता असं मी म्हणत नाही. ३.४ जीपीएवर एम.डी.ला लागणं अवघड आहे. दाखल होणाऱ्यांची सरासरी ३.७ च्या वर असते आणि ५२८ पैकी एमकॅटची ५११ च्या वर. थांबून आणखी विषय करून, एमकॅट चांगली देऊन मग अर्ज करणं तिच्या हिताचं असू शकतं. आता दाखल होणाऱ्यांतले निम्म्याहून बरेच जास्त विद्यार्थी पदवीनंतर एखाद-दोन वर्षं काम करूनच येतात. माझी तक्रार वेगळी आहे. सल्ला देणारा आणि टक्केवारी छापणारा एकच असेल, तर मुलाला कळणार कसं की हा सल्ला त्याच्या भल्यासाठी आहे की आकड्याच्या?

बाकीच्या युक्त्या किरकोळ आहेत, तरी माहीत असाव्यात. कुणी फक्त ३.५ च्या वर जीपीए असलेल्यांची टक्केवारी सांगतं. कुणी ऑस्टिओपॅथीची डी.ओ. पदवी आणि कॅरिबियन बेटांवरची स्कूल्सही धरतं. कुणी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लागलेल्यांना अंशात घेतं. यातलं काहीही बेकायदा नाही, कारण ही टक्केवारी कशी काढायची याचा नियमच नाही. अमेरिकन मेडिकल कॉलेजांची संघटना, जिला सगळे एएएमसी म्हणतात, कुठल्या कॉलेजातून किती अर्ज आले याचा तक्ता दरवर्षी काढते. लॉस एंजेलिसचं यूसीएलए हजाराहून जास्त अर्जदारांसह त्यात नेहमी अगदी वर असतं. त्यांपैकी किती लागले, हे कॉलेजवार ती छापत नाही. त्यामुळे जो आकडा तुम्ही ऐकता तो कॉलेजने स्वतःच मोजलेला, स्वतःच सांगितलेला असतो.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे नवं वाटू नये. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवणाऱ्या शाळा आपण पाहिल्या आहेत. तो फॉर्म मुळात शाळा सुटलेल्यांना परीक्षा देता यावी म्हणून आहे. शाळेच्या निकालातून मुलाचं नाव काढायला तो वापरला गेला, तेव्हा फळ्यावरचा आकडा खरा राहिला आणि मूल वाऱ्यावर गेलं. नीटच्या क्लासेसच्या पानभर जाहिरातींत लागलेल्यांचे फोटो असतात. फी भरून बसलेले एकूण किती, हे त्या पानावर नसतं. इतकं पाहिलेली माणसं अमेरिकेत आली की इथल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास का ठेवतात? मला वाटतं, संस्था मोठी आणि इमारत जुनी दिसली की आपण प्रश्न विचारायचं सोडून देतो.

वैद्यकशास्त्रालाही हा धडा चांगला माहीत आहे. न्यूयॉर्क राज्याने १९९० च्या सुमारास हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियांचे मृत्युदर रुग्णालयांप्रमाणे आणि मग सर्जनप्रमाणे जाहीर करायला सुरुवात केली. हेतू उत्तम होता. रुग्ण किती आजारी होता याचा हिशेब धरून आकडे दुरुस्तही केले जात, आणि त्यानंतर मृत्युदर कमी झाला असं दाखवणारे अभ्यास आहेत. पण २००३ मध्ये ड्रॅनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आकडे जाहीर होऊ लागल्यावर तिथे शस्त्रक्रिया तुलनेने धडधाकट रुग्णांच्या जास्त होऊ लागल्या होत्या आणि फार आजारी असलेल्यांची अवस्था आणखी वाईट झाली होती. सर्जन दुष्ट नव्हते. टेबलावर मेलेला रुग्ण त्यांच्या नावावर लागत होता, टेबलावर न घेतलेला लागत नव्हता. तिथे निदान दुरुस्त केलेला आकडा होता, सरकारी देखरेख होती. कॉलेजांच्या टक्केवारीला यातलं काहीच नाही.

आता असं धरून चालू की एखादं कॉलेज अगदी प्रामाणिक आहे, कुणाला अडवत नाही, मोजणीही सरळ आहे. तरीही ८५ टक्क्यांवरून तुमच्या मुलीची संधी कळत नाही. ज्या कॉलेजात प्रवेशच शंभरातल्या सहा-सात जणांना मिळतो तिथली मुलं परीक्षा देण्यात आधीच तरबेज असतात, आणि ती कुठेही गेली असती तरी एमकॅटला चांगले मार्क आणणार. एएएमसीच्या तक्त्यांत जीपीए ३.८ आणि एमकॅट ५१८ च्या आसपास किंवा वर असलेल्यांपैकी पाचांतले चार जण लागतात. त्या तक्त्यात कॉलेजचं नाव नसतं, आणि हे गुण असलेली मुलं सरकारी विद्यापीठांतही असतात.

स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये या गाठीवर बोट ठेवलं. त्यांनी सारख्या कॉलेजांत अर्ज केलेल्या आणि सारखेच निकाल मिळालेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली: काही नामांकित कॉलेजात गेले, काही साध्या. पुढची कमाई सरासरीने सारखीच निघाली. गरीब घरांतल्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजचा फायदा झालेला दिसला. त्यांचा प्रश्न कमाईचा होता, मेडिकलचा नव्हता, हे मान्य. २०२३ मध्ये राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी आयव्ही लीग आणि त्यांच्या तोडीच्या नामांकित कॉलेजांचा अभ्यास केला, त्यातही सरासरी कमाईत फरक आढळला नाही; पण अतिनामांकित पदव्युत्तर संस्थांत शिरण्याची शक्यता मात्र बरीच वाढलेली आढळली. हेही लपवण्याचं कारण नाही. ज्याला हार्वर्ड मेडिकललाच जायचं आहे त्याला त्या नावाचा उपयोग होत असेल. ज्याला डॉक्टर व्हायचं आहे त्याचा प्रश्न वेगळा आहे.

राहत्या राज्याचा परिणाम तर लोक धरतच नाहीत. टेक्सासातल्या सरकारी मेडिकल स्कूल्सना राज्याबाहेरचे विद्यार्थी दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतात. उरलेल्या जागा टेक्सासवासीयांच्या. कॅलिफोर्नियात अर्जदार अतोनात आणि जागा कमी, त्यामुळे तिथल्या निम्म्याहून जास्त यशस्वी मुलांना राज्य सोडून शिकावं लागतं. टेक्सासात ऑस्टिनमधल्या कॉलेजची टक्केवारी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीपेक्षा चांगली दिसली, तर त्यात शिकवण्याचा वाटा किती आणि राज्याच्या सीमेचा किती? मूल कुठेही शिको, रहिवासी ते बहुतेक वेळा आईबापांच्या राज्याचंच राहतं. तुमचं घर टेक्सासात ह्यूस्टनला आहे की कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला, याचा फरक कॉलेजच्या नावापेक्षा मोठा असू शकतो.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो, आणि तो वजनदार आहे. चाळणी वाईट कशी? उद्या ही मुलं ऑपरेशन करणार आहेत. ज्याला ऑरगॅनिक झेपत नाही त्याला फार्माकॉलॉजी कशी झेपेल? माझे काही सहकारी हे अगदी मनापासून म्हणतात. मला त्यांचं अर्धं पटतं. सगळ्यांना डॉक्टर होता येत नाही, व्हायलाही नको, आणि विशीतल्या मुलाला खरं सांगणं ही शिक्षकाची जबाबदारी आहे. पण पहिल्या सत्रातल्या केमिस्ट्रीची परीक्षा काय मोजते? त्या सत्रात ती बहुतांशी हायस्कूल मोजते. ज्याच्या शाळेत कॉलेजच्या पातळीची एपी केमिस्ट्री होती, ज्याच्या बापाने शनिवारी शिकवणी लावली, तो पुढे असतो. चौथ्या सत्रापर्यंत हा फरक पुष्कळ कमी होतो, जर मूल तिथपर्यंत टिकलं तर. पहिल्या सत्रात गाळलं की तुम्ही आधीची शाळा गाळता. गुणवत्ता किती आहे ते तुम्हाला कधी कळतच नाही. शिवाय गळतात ते कोण? ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही अशी मुलं. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं की एका 'सी'ने आयुष्य संपत नाही. आपल्या मुलांना निदान घरून फोन येतो.

चाळणीऐवजी काय करता येतं, याचा पुरावा न्यू ऑर्लिन्समध्ये आहे. झेवियर युनिव्हर्सिटी ऑफ लुइझियाना हे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलं लहानसं कॅथलिक विद्यापीठ आहे, साधारण ३ हजार विद्यार्थ्यांचं. फिलाडेल्फियातल्या एका श्रीमंत बँकर घराण्यातली मुलगी, कॅथरीन ड्रेक्सेल, जोगीण झाली आणि तिने स्वतःच्या वारशातून ते उभं केलं. इथे मोठा निधी नाही, घरचं मेडिकल स्कूल नव्हतं. अलीकडे कुठे ऑक्सनर या आरोग्यसंस्थेबरोबर ते सुरू करायचं ठरलं. मुलं मोठ्या संख्येने साध्या, पैशांची ओढाताण असलेल्या सरकारी शाळांतून येतात. आणि वर्षानुवर्षं देशातल्या कुठल्याही कॉलेजपेक्षा जास्त कृष्णवर्णीय विद्यार्थी इथून मेडिकलला जाऊन डॉक्टर होऊन बाहेर पडले आहेत. हार्वर्डहून जास्त, मोठमोठ्या सरकारी विद्यापीठांहून जास्त.

जे. डब्ल्यू. कारमायकल हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक १९७० च्या दशकात तिथे प्री-मेडचे सल्लागार झाले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जे केलं ते मला माझ्या धंद्यातली फार मोठी गोष्ट वाटते, कारण ते करायला पैसा कमी आणि जिद्द जास्त लागते. एकच विषय पाच प्राध्यापक पाच तऱ्हांनी शिकवतात हे त्यांनी बंद केलं. सगळ्यांनी बसून विषयाचे बारीक तुकडे पाडले, सोप्या भाषेत सामाईक कार्यपुस्तिका लिहिल्या, काय यायलाच हवं ते मुलांपुढे उघड ठेवलं. वारंवार छोट्या चाचण्या घेतल्या, म्हणजे घसरण पहिल्याच आठवड्यात दिसावी, ऑक्टोबरच्या मार्कांची वाट पाहावी लागू नये. कॉलेज सुरू होण्याआधी उन्हाळी वर्ग ठेवले. मुलांना गटात अभ्यास करायला लावलं आणि पुढच्यांनी मागच्यांना शिकवायची पद्धत पाडली. शेजारचा मुलगा हा प्रतिस्पर्धी आहे, ही भावना मोडून काढायचा तो विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता. अर्ज कधी भरायचा, मुलाखतीला कसं जायचं, यापर्यंत सल्लागार पाठ सोडत नसत.

मी माझ्या वर्गात यातलं एकच पाऊल उचललं: दर शुक्रवारी दहा मिनिटांची चाचणी, आणि दोनदा नापास झालेल्याला मी स्वतः बोलावून घेते. वर्गात साडेतीनशे मुलं असताना ते सोपं नाही. पण ऑक्टोबरची रांग आटली. आता मुलं सप्टेंबरात येतात, आणि 'सोडून देऊ का' ऐवजी 'हे गणित दाखवा' म्हणत येतात.

झेवियरची टक्केवारी एखाद्या आयव्हीइतकी चकचकीत नसेल. जे कॉलेज कच्च्या मुलाला धरून ठेवतं आणि अर्ज करू देतं, त्याचा छेद मोठा होतो आणि टक्केवारी खाली येते. म्हणजे लॅपटॉपवरच्या त्या तक्त्यात सगळ्यात चांगलं काम करणारं कॉलेज खालच्या ओळीत जाऊन बसतं. आपण ज्याला मापदंड मानतो तो मुलांची काळजी घेणाऱ्याला शिक्षा करतो, हे एकदा ध्यानात आलं की त्या रकान्याकडे पुन्हा पूर्वीसारखं पाहता येत नाही.

पैशाचंही बोललं पाहिजे, कारण मराठी घरांत ते मुलांसमोर कमी बोललं जातं. नावाजलेल्या खाजगी कॉलेजचा वर्षाचा खर्च आता ९० हजार डॉलरच्या घरात आहे. घराजवळच्या सरकारी विद्यापीठात राज्याच्या रहिवाशाला तो निम्म्याहून कमी पडतो. कर्ज काढून शिकलेल्या नव्या डॉक्टरच्या डोक्यावर मेडिकल स्कूल संपताना साधारण २ लाख डॉलरचं कर्ज असतं. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने यात भर टाकली: १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद, आणि वैद्यकीयसारख्या व्यावसायिक शिक्षणाला केंद्र सरकारचं कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरच मिळणार. अनेक खाजगी मेडिकल स्कूल्सचा चार वर्षांचा खर्च साडेतीन लाखांच्या पुढे आहे. वरचा पैसा बाजारातल्या कर्जातून किंवा आईबापांच्या खिशातून येणार. पदवीच्या चार वर्षांत दीड-दोन लाख डॉलर जपून ठेवलेलं घर तेव्हा मुलाच्या पाठीशी उभं राहू शकेल. मोफत शिकवणारी स्कूल्स आहेत, न्यूयॉर्क विद्यापीठाचं २०१८ पासून, अल्बर्ट आइन्स्टाइन मेडिकल कॉलेजचं २०२४ पासून. त्या भरवशावर कुणी कॉलेजचा खर्च बेतू नये.

मग बघायचं काय? मी तरी माणसं बघते. पहिल्या वर्षाची केमिस्ट्री कोण शिकवतं, अनुभवी प्राध्यापक की दरवर्षी बदलणारा नवा माणूस? पहिल्या परीक्षेत पडलेल्या मुलाचं पुढे काय होतं, हे सल्लागाराला विचारलं की तो प्रसंग सांगतो की धोरण सांगतो, याकडे मी लक्ष देते. समिती कुणाला पत्र नाकारते का, हे थेट विचारावं; ज्यांच्याकडे लपवण्यासारखं नाही ते लगेच सांगतात. दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना जेवणघरात गाठावं आणि पहिल्या वर्षी त्यांच्या मजल्यावर किती जण प्री-मेड होते, आता किती उरले, हे विचारावं. आणि मुलाला डॉक्टर व्हायचं नाही असं दोन वर्षांनी वाटलं, तर या कॉलेजात त्याला दुसरं काही मनापासून आवडेल का, हाही विचार व्हावा. तत्त्वज्ञान किंवा साहित्य घेऊन अर्ज करणाऱ्यांचं लागण्याचं प्रमाण जीवशास्त्रवाल्यांपेक्षा कमी नाही, जरासं जास्तच आहे.

पण प्रत्येक घराने एकेकट्याने चौकशी करत बसावं, यावर मी समाधानी नाही. हे मोजता येतं. १९९० च्या कायद्याने अमेरिकेतल्या कॉलेजांना पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण जाहीर करावं लागतं, आणि त्यात छेद कायद्यानेच ठरवून दिला आहे: पहिल्या वर्षी पूर्ण वेळ दाखल झालेली सगळी मुलं. मधेच सोडून गेलेल्याला कॉलेज त्यातून वगळू शकत नाही. मेडिकलसाठी हेच का नको? प्री-मेडची नोंद नसते, ही अडचण खरी आहे. पण पहिल्या वर्षी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या जनरल केमिस्ट्रीला कोण कोण बसलं, याची यादी प्रत्येक रजिस्ट्रारकडे असते. त्यांतली काही मुलं इंजिनिअर होणारी असतील. दाखल होतानाच एक प्रश्न विचारून ती वेगळी काढता येतील. अर्जदाराचं कॉलेज, जीपीए, एमकॅट आणि निकाल एएएमसीकडे आहेतच. दोन्ही याद्या जोडल्या की सात-आठ वर्षांत प्रत्येक कॉलेजविषयी कळेल: डॉक्टर व्हायला आलेल्या शंभरांपैकी किती अर्जापर्यंत पोचले, किती लागले, आणि मधे गळलेल्यांत घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेली मुलं किती होती.

ही मागणी आपल्या लोकांनी करावी, अशा जागी आपण आता आहोत. मराठी डॉक्टर इथल्या मेडिकल स्कूल्समध्ये शिकवतात, प्रवेशाच्या मुलाखती घेतात. आपली मुलं या कॉलेजांचे माजी विद्यार्थी म्हणून देणग्या देतात. ज्यांना कॉलेजच्या किंवा मेडिकल स्कूलच्या बैठकांत बोलायची संधी आहे त्यांनी पुढच्या बैठकीत लेखी ठराव ठेवावा: यापुढे मेडिकलची टक्केवारी सांगताना पहिल्या वर्षी किती मुलं त्या वाटेला लागली होती तो आकडा शेजारी छापायचा, आणि तो नसेल तर टक्केवारी सांगायची नाही.